निमगडे भाऊंची गाडी

खुशाल निमगडे आमच्या उपकेंद्राचे आरोग्यसेवक होते आणि मी तिथली नर्स. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बारा किलोमीटर आत आमचं उपकेंद्र. त्याच्या मागे दोन क्वार्टरं, मध्ये एकच भिंत. एकात मी, दुसऱ्यात निमगडे भाऊ, त्यांची बायको सत्यशीला आणि मुलगी खुशबू. सत्यशीलाबाई गावातल्याच अंगणवाडीत सेविका. मी २०१४ साली बदलून आले, तेव्हा खुशबू नववीत होती.

आमच्याकडे अकरा गावं आणि टोले, म्हणजे रानातल्या छोट्या वस्त्या, होते. निमगडे भाऊंचं काम तापाच्या माणसांचं रक्त काचेवर घ्यायचं, काचा तपासायला पाठवायच्या, मलेरिया निघाला की गोळ्या घेऊन परत त्याच टोल्यावर जायचं आणि माणसाने त्या समोर गिळल्या की नाही ते पाहायचं. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होत. त्यातला डांबरी रस्ता थोडाच, बाकी मुरूम, नाले आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. हे सगळं शंभर सीसीच्या एका काळ्या मोटरसायकलवर. गाडी त्यांनी २००५ साली घेतली होती आणि गेली कित्येक वर्षं तिला त्यांच्याशिवाय कोणाचा पाना लागला नव्हता.

रविवारी सकाळी ते गाडी मोहाच्या झाडाखाली मधल्या स्टँडवर उभी करायचे. आधी थोडा वेळ सुरू ठेवायची, मग बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि काडी काढून इंजिनचं तेल बघायचं. काडी पुसायची, परत घालायची, परत काढायची. मग चेन. डिझेलमध्ये बुडवलेल्या दातांच्या जुन्या ब्रशने एकेक कडी घासायची, फडक्याने कोरडी करायची, चाक हाताने फिरवत तेल सोडायचं. चेनच्या मधोमध बोट लावून वर-खाली करायचं. दीड बोट हलली तर ठीक, जास्त हलली तर मागच्या चाकाचा नट ढिला करून दोन्ही बाजूंनी सारखीच ओढायची. मग एअर फिल्टर झटकायचा, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. तारखा कशावर लिहायच्या तर साइड कव्हरच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या रंगाने: तेल अमुक दिवशी बदललं, प्लग अमुक दिवशी.

मी एकदा विचारलं, "भाऊ, सुट्टीचा अर्धा दिवस यातच जातो तुमचा. धानोऱ्याला मेकॅनिककडे काऊन टाकत नाही?"

"सिस्टर, मेकॅनिक गाडी बिघडल्यावर काम करते. मले तिले बिघडूच द्यायची नाई."

त्या दिवशी ते क्लचची वायर बदलत होते. जुनी वायर मला चांगली धडधाकट दिसली. मी तसं म्हटलं, तर त्यांनी तिचं टोक माझ्यासमोर धरलं. पीळ दिलेल्या बारीक तारांपैकी दोन तुटून बाहेर आल्या होत्या.

"दोन तुटल्या का बाकीच्याही चालल्या समजा," ते म्हणाले. वायर बसवून झाली, क्लचचा दांडा दाबून पाहिला आणि मग खालीच बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. नंतर पुन्हा कधी सांगितली नाही.

२००७ सालचा पावसाळा. लांबच्या टोल्यावर सुकरी नावाच्या बाईचं चार वर्षांचं लेकरू तापाने फणफणलं होतं, झटके येत होते. निमगडे भाऊंनी सुकरीला लेकरासकट मागे बसवलं आणि दवाखान्याकडे निघाले. सहा किलोमीटरवर चढ लागला आणि चढावरच क्लचची वायर तुटली. क्लच नसला तरी धक्का मारून गाडी गिअरमध्ये नेता येते, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी तिथेच टाकली, लेकरू खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. मागून सुकरी.

"मी जोरजोरानं चालून राह्यलो होतो," ते म्हणाले. "डांबरीपर्यंत पोचलो का काई ना काई भेटंन, असं वाटे. मले कळलंच नाई सिस्टर, कधी झालं ते. तिले कळलं. मागून म्हणे, भाऊ, आता हळू चाल."

मी नर्स आहे. मी म्हटलं, मेंदूत गेलेला मलेरिया होता, झटके सुरू झाले होते, गाडी चालली असती तरी लेकरू वाचलंच असतं असं नाही.

"असंल," ते म्हणाले. "पण वायर तं माझी होती ना."

त्यानंतर सहा महिने दर सुट्टीला ते धानोऱ्याच्या एका मेकॅनिककडे जाऊन बसत होते. फुकट पाने धुऊन द्यायचे आणि शिकायचे. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांची गाडी रस्त्यात पंक्चर झाली असेल, बंद अशी एकदाही पडली नाही.

आता खर्र्याचं सांगायला पाहिजे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्या भागात कोण खात नाही? बाया खातात, शिक्षक खातात, तपासणीला आलेले साहेब गाडीतून उतरल्या उतरल्या मागतात. निमगडे भाऊ दिवसाला पाच-सहा खायचे. रविवारी गाडीजवळ बसले की गालात एक असायचाच. गावात तंबाखूविरोधी दिवस असला की आम्ही दोघं मिळून भिंतीवर पोस्टर लावायचो आणि परत येताना ते थुंकायला गाडी थांबवायचे. मी हसायचे.

२०२१ च्या शेवटी ते माझ्याकडे जेवायला बसले होते. मी वांग्याची भाजी केली होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. "तिखट लागते का?" मी विचारलं. "आजकाल सगळंच तिखट लागते," ते म्हणाले आणि वरणात भाकरी कुस्करून बारीक बारीक घास तोंडात सारू लागले. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. मी पाहिलं ते. याचा अर्थ काय हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, चित्रं दाखवली होती. मी म्हटलं, "भाऊ, एकदा दाखवून घ्या ना." ते म्हणाले, "फवारणीचं काम झालं का जातो." आणि मी पुढे भात वाढला. त्यानंतर चार महिन्यांनी ते दाखवायला गेले. ते चार महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

नागपूरला ऑपरेशन झालं. अर्ध्याहून जास्त जीभ आणि उजव्या बाजूचं जबड्याचं हाड काढलं. मानेतल्या गाठी काढताना एक नसही गेली, त्यामुळे उजवा हात खांद्यातून उचलेना. मग रेडिएशनचे तीस शेक दिले. परत आले तेव्हा मी त्यांना अंगणात पाहून ओळखलं नाही, आणि मी ओळखलं नाही हे त्यांना समजलं. नाकात नळी होती. बोलायला जात तर घशातून नुसता आवाज निघे. खुशबू तोवर गडचिरोलीला नर्सिंगला गेली होती. तिची शाळेतली पाटी सत्यशीलाबाईने माळ्यावरून काढून दिली. त्यांना काही सांगायचं असलं की ते डाव्या हाताने तिच्यावर वेडंवाकडं लिहायचे.

पहिले आठ-दहा दिवस त्यांनी दोन शब्दांपलीकडे काही लिहिलं नाही. नळीतून दूध-पाणी देताना मान फिरवायचे. सत्यशीलाबाई माझ्याकडे येऊन बसायची. "मले म्हणतेत जाऊ दे. लिहून दाखवतेत. जाऊ दे, एवढंच."

मग एका रविवारी सकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, "गाडी."

गाडी तीन महिने मेणकापडाखाली होती. सत्यशीलाबाईने कापड काढलं, दोघी मिळून ढकलत आम्ही ती मोहाखाली आणली. भाऊ खुर्ची घेऊन समोर बसले. त्यांनी मधल्या स्टँडकडे बोट दाखवलं. सत्यशीलाबाईने मागून धरून गाडी उचलायला पाहिली. एकदा, दोनदा. गाडी हलेना. भाऊ घशातून आवाज काढू लागले आणि पायाने जमिनीवर दाबून दाखवू लागले. उचलायची नव्हती, स्टँडच्या दांडीवर पाय देऊन अंगाचा भार टाकायचा होता. तिसऱ्यांदा तिने साडी खोचली, पाय दिला, भार टाकला आणि गाडी खटकन स्टँडवर चढली. ती एकदम माझ्याकडे बघून हसली.

तेल बदलायचं होतं. इंजिनखालच्या नटाला पाना लावून तिने जोर केला, पण उलट्या बाजूने. भाऊंनी पाटी खुर्चीवर आपटली. तिने परत जोर केला, परत तसाच. ते उठून आले, उजवा हात पान्यापर्यंत नेला, पण त्या हाताला दाबच येईना. त्यांनी पाना हिसकून फेकला.

सत्यशीलाबाई उभी राहिली. तिचे हात काळे झाले होते.

"मले काय माय-बापानं हे शिकवलं होतं का?" ती ओरडली. "पंधरा वर्षं दर इतवारी गाडीचं एकेक ठिकाण उघडून पाह्यलं तुमी. सोताचं तोंड एक डाव आरशात पाह्यलं नाई! आन आता माझ्यावर पाने फेकता?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. भाऊ खाली बघत राहिले. नळी लावलेल्या नाकातून पाणी वाहायला लागलं. मग त्यांनी स्वतःच पाना उचलून आणला, तिचा हात धरला, तो पान्यावर ठेवला आणि स्वतःचा डावा हात त्यावर ठेवून डावीकडे फिरवला. नट सुटला. काळं तेल परातीत पडू लागलं. दोघं ते संपेपर्यंत बघत बसले. त्या दुपारी त्यांनी दुधाला मान फिरवली नाही.

तेव्हापासून दर रविवारी हे चाललं. गाडी चालवणारं घरात कोणी नव्हतं. सत्यशीलाबाईला सायकलसुद्धा येत नव्हती. त्यामुळे गावातले लोक जाता-येता थांबायचे, बघायचे आणि पुढे जायचे. चेन कुठे जाऊन घाण होत नव्हती, तरी ती घासली जायची. तेल वापरात येत नव्हतं, तरी काडी पुसून पाहिली जायची. दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं, भाऊ डोळे मिटून ऐकायचे, बोटाने इशारा करायचे आणि मग बंद. सत्यशीलाबाई शिकली. प्लगची फट मोजायला भाऊ हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरत. तो फटीत सरकवून ती अशी मान तिरकी करून बघायची की मला तीच मेकॅनिक वाटायची. क्लचचा दांडा टोकाशी बोटाच्या पेराएवढा ढिला हवा, टायर अंगठ्याने दाबून कसा कळतो, पाणी मारताना प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, हे ती मला सांगू लागली.

"कशाले करता बाई एवढं?" मी एकदा विचारलं.

"आठ दिवसातून तेवढी एकच सकाळ ते माझ्याशी बोलतेत सिस्टर," ती म्हणाली. "बाकी दिवस पाटी कोरीच राह्यते."

पावसाळ्यात सुकरी येऊन गेली. इतक्या लांबून पायी. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. "जोहार," म्हणाली आणि ओट्यावर भाऊंच्या पायाशी बसली. सोबत रानातली अळिंबी आणली होती. भाऊंना ती खाता येणार नाही हे तिला ठाऊक नव्हतं. सत्यशीलाबाईने पानातली अळिंबी दोन्ही हातांनी घेतली. सुकरी तासभर बसली असेल. जाताना तिने भाऊंच्या उजव्या खांद्यावर, तो जो उचलत नव्हता त्यावर, हात ठेवला. ती दिसेनाशी झाल्यावर भाऊ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाच्या सुट्टीला खुशबू आली. ती होस्टेलवर मैत्रिणीची गाडी चालवायला शिकली होती. तिने बापाला दुपट्ट्याने तोंड बांधून मागे बसवलं आणि नाल्यापर्यंत चक्कर मारून आणली. सत्यशीलाबाई आणि मी रस्त्यावर उभ्या होतो. येताना दोघं हसत होती, भाऊंचं हसणं नुसत्या डोळ्यांवरून कळायचं. खुशबू म्हणाली, "आई, बाबा मागून खांद्यावर टपल्या मारून राह्यले होते. एक टपली म्हणजे गिअर कमी, दोन म्हणजे वाढव. मले एकदाही आपल्या मनानं गिअर टाकू देला नाई."

पुढच्याच महिन्यात मानेत परत गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी खुशबूला बाजूला घेऊन सांगितलं. तिने आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. मला वाटतं सत्यशीलाबाईला न सांगताच कळलं होतं.

जानेवारीत ते खाटेवरून उठेनासे झाले. शेवटच्या रविवारी सत्यशीलाबाईने सगळं एकटीने केलं. मी भाऊंची पट्टी बदलत होते. बाहेरून पान्याचा, ब्रशचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला त्यांची मान किंचित हलत होती. मग ती आत आली. उजव्या हाताची दोन बोटं तिने पुढे धरली होती, त्यांना काडीवरचं तेल लागलं होतं. तिने ते त्यांच्या अंगठ्याला आणि बोटाला लावलं. त्यांनी दोन्ही बोटं हळूहळू एकमेकांवर चोळली, कण लागतो का ते पाहिलं. मान हलवली. तेल चांगलं होतं.

बुधवारी दुपारी ते गेले. अकरा टोल्यांवरून माणसं आली. बुद्धविहारातल्या बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, जलदानविधीच्या दिवशी खुशबू दोन शब्द बोलायला उभी राहिली आणि तशीच खाली बसली. सत्यशीलाबाई सगळ्यांना चहा देत होती. ती रडली नाही.

भाऊंचा पुतण्या निकेश भद्रावतीला कोळशाच्या खाणीत कंत्राटी कामावर लागला होता. त्याच्याकडे गाडी नव्हती. घरातली वडीलधारी म्हणाली, इथी पडून सडण्यापेक्षा पोराच्या कामी येईल. सत्यशीलाबाई हो म्हणाली. निकेश न्यायला आला तेव्हा तिने त्याला गाडीजवळ बसवून अर्धा तास सगळं सांगितलं. "तेल दर इतवारी पाह्यजो. जुनी गाडी आहे, थोडं पिते." तो हसून म्हणाला, "काकू, तिथी गल्लोगल्ली मेकॅनिक आहेत."

आठ महिन्यांनी त्याचा फोन आला तेव्हा ती माझ्याकडेच होती. गाडी चालता चालता रस्त्यात जाम झाली होती. मेकॅनिक म्हणत होता, इंजिन आतून पूर्ण खाऊन गेलं, आता त्यात जीव नाही.

"तेल पाह्यलं होतं का?" तिने विचारलं.

"काकू, खरं सांगू का, ध्यानातच नाई राह्यलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "सिस्टर, मी जाऊन येतो. दोन दिवस अंगणवाडीकडे लक्ष ठेवा."

ती एसटीने गडचिरोली, तिथून चंद्रपूर, तिथून भद्रावती अशी गेली. पुढचं तिने परत आल्यावर मला दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितलं. निकेशच्या अंगणात गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती. चेन गंजून लाल झाली होती. तिने तेलाची काडी काढली, तर काडी कोरडी. निकेश मान खाली घालून उभा होता. तिने डिझेल मागितलं, ब्रश मागितला. गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि चेन घासायला बसली.

निकेश म्हणाला, "काकू, उद्या भंगारवाला घेऊन जाते. आता कशाले?"

ती घासत राहिली. सगळ्या कड्या घासून झाल्या, चाक फिरवत तेल सोडलं, टाकी पुसली, आरसे पुसले, चाकांच्या तारांतला चिखल काडीने काढला. निकेशची बायको चहा घेऊन आली, तो निवून गेला. अडीच तास लागले, असं ती म्हणाली.

"आन मग?" मी विचारलं.

"मग काय. सकाळी भंगारवाला आला. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली."

"तुमी होता तिथी?"

"होतो ना. म्हणलं, आडवी टाकू नका, उभी बांधा. त्यानं बांधली उभी." ती हातांकडे बघत होती. नखांच्या कडांना काळं अजून होतं. "चांगला माणूस होता," ती म्हणाली, आणि मग ती रडायला लागली. मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं. बाहेर तापाचे तीन पेशंट बसले होते. ते बराच वेळ बसून राहिले, पण कोणी दार वाजवलं नाही.